गाण्याखाली नुसतं ‘[संगीत]’? कर्णबधिर आणि अंध श्रोत्यांसाठी काय करता येईल?

सारंगा
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय म्हणून धागा काढतेय.

आईच्या कवितांना मावशीनं चाली लावल्या आणि कोथरूडमधल्या एका छोट्या स्टुडिओत आम्ही त्यांचं रेकॉर्डिंग उरकलं. आवाज घरचेच. साथीला पेटी, तबला, बासरी. बस. पाडव्याला यूट्यूबवर टाकायचा बेत आहे.

आता मावशीचा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे आणि पेटी वाजवणारे काका अंध आहेत. चाचणी म्हणून पहिलं गाणं फक्त घरच्यांपुरतं टाकलं, तर आपोआप येणाऱ्या कॅप्शनमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच शब्द: [संगीत]. मावसभावानं स्क्रीनशॉट पाठवून खाली लिहिलं, "आईची चाल माहीत नाही, पण मावशीचे शब्द फारच थोडके आहेत." काकांचं वेगळंच. म्हणाले, "पेटी कोणी वाजवली हे मला त्या फोनवर कुठे ऐकू येणार आहे ते सांग."

दोघांचंही रास्त आहे. पैसे फारसे नाहीत, वेळ आहे. कुणी असं काही केलंय का?

कट्टेकरी
वाखू (वाचनखूण) साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

पेठकर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अंध माणसाला गाणं ऐकू येतं, उलट त्यांचे कान आपल्यापेक्षा तयार असतात. त्यांच्यासाठी वेगळं काय करायचं? आणि ज्याला ऐकूच येत नाही त्याला शब्द लिहून दिले तरी ती कविता झाली, गाणं नव्हे. कवितांची पुस्तिका छापा आणि भावाच्या हातात द्या. बाकीचा खटाटोप आपल्याच समाधानासाठी.

काळी_पाच
पेठकर, "तुमचे कान तयार असतात" हे ऐकून ऐकून तेच कान किटलेत.

मी अंध आहे. हा धागा संगणकावर एनव्हीडीए लावून ऐकतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रामरांनी २००६ मध्ये सुरू केलेला. मराठीही वाचतो, उच्चार थोडे यंत्रासारखे, पण सवय होते.

गाणं ऐकू येतं हो, पण आधी ते सापडायला हवं ना! यूट्यूबवर नवीन मराठी गाणं शोधलं की फोन मला काय ऐकवतो? "आग, आग, उभी रेघ, उभी रेघ, सुपरहिट, उभी रेघ, लाल हृदय, लाल हृदय." गाण्याचं नाव यायच्या आत मी पुढच्या व्हिडिओवर गेलेली असते. शीर्षकातली ही आरास आधी काढा.

दुसरं म्हणजे नावं. विविध भारती १९५७ साली सुरू झाली तेव्हापासून निवेदक गाण्यासोबत चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार सांगत आलेत. माझ्या वयाच्या अंध लोकांना गीतकार तोंडपाठ असतात ते त्या निवेदकांमुळे. आता हे सगळं कव्हरच्या चित्रावर सुंदर अक्षरांत छापतात आणि माझा फोन म्हणतो, "प्रतिमा." वादकाचं नाव तर चित्रावरही नसतं. तेव्हा काकांचं नाव वर्णनाच्या पहिल्याच ओळीत, साध्या मजकुरात टाका. आणि गाण्याआधी कुणीतरी दहा सेकंद बोलून सगळ्यांची नावं सांगितलीत तर दुधात साखर.

टेपमास्तर
काळी_पाच, अगदी. आमच्या वाड्यात एक अंध गृहस्थ होते, त्यांचा कॅसेटचा संग्रह बघण्यासारखा होता. प्रत्येक कॅसेटच्या ए बाजूला चिकटपट्टीचे बारके तुकडे. एक तुकडा नाट्यगीत, दोन भावगीत, तिरका लावला की शास्त्रीय. अंधारात हात घालून हवी ती काढायचे. टेपरेकॉर्डरची बटणं खटका देऊन सांगायची की दाबलं गेलं. फोनच्या काचेवर कुठे काय आहे ते बोटाला कसं कळणार? सारेगामाचा कारवाँ, हा जुनी गाणी भरलेला रेडिओसारखा प्लेअर, २०१७ मध्ये आला आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी म्हणून खपला, पण मोठी चकती आणि खरी बटणं यांची गरज आणखीही कुणाला होती.

हातवारे
मी जन्मतः कर्णबधिर. मराठी लिहितो, वाचतो, पण माझी पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा.

पेठकरांचं "ती कविता झाली" हे वाक्य घेतो. घरात लग्न आहे. स्पीकरवर काहीतरी लागतं. आत्या डोळ्याला पदर लावते, दोन काका एकमेकांकडे बघून हसतात, कुणीतरी ओठ हलवायला लागतं. मी विचारतो, काय आहे? उत्तर येतं, "अरे, जुनं गाणं आहे." लहानपणापासून हेच उत्तर.

मला सूर नकोत. त्या खोलीत काय घडलं ते हवंय. कोणता शब्द परत परत आला, कुठे सगळी वाद्यं थांबली आणि एकटा तबला राहिला, कुठे गाणारी श्वास घ्यायला थांबली. हे त्या त्या क्षणाला गाण्याखाली उमटलं तर आत्या कुठल्या ओळीला रडली ते मला दिसेल. तुमच्या पुस्तिकेत सगळ्या ओळी एकदम छापलेल्या असतील. आत्या कुठल्या ओळीला रडली ते त्यात कुठे शोधू?

पेठकर
आत्याचा मुद्दा मान्य. बाकी मत कायम.

घुंगरू
हातवारे, फार छान लिहिलंत. सारंगा, मी भरतनाट्यम शिकवते. माझ्या मोठ्या विद्यार्थिनी व्हिडिओच्या कोपऱ्यात मुद्रांमधून शब्द दाखवू शकतील. आनंदानं करतील, मानधन वगैरे काही नको.

हातवारे
ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण हे नको. मुद्रा मला तितक्याच कळतात जितक्या प्रेक्षकांत बसलेल्या कुणालाही. सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ‘काय’, ‘कुठे’ हे शब्द बहुधा वाक्याच्या शेवटी येतात, भुवया कुठे उचलल्या त्यावर प्रश्न की विधान ते ठरतं. ओळीतल्या एकेका शब्दाला एकेक हातवारा लावला की जे होतं ते आमच्या ग्रुपवर विनोद म्हणून फिरतं. असे व्हिडिओ कमी नाहीत, खाली ऐकणाऱ्या मंडळींच्या टाळ्याच टाळ्या.

राष्ट्रगीताचा सांकेतिक भाषेतला व्हिडिओ २०१७ मध्ये आला, गोविंद निहलानींनी केलेला. तो बघा, किती तयारी लागते ते कळेल. करायचंच तर कर्णबधिर माणसाकडून करून घ्या, आणि मानधन देऊन. पैसे नसतील तर हे सोडून द्या, नुसती कॅप्शन नीट लावा. वाईट सांकेतिक भाषेपेक्षा ती परवडली.

घुंगरू
समजलं. विद्यार्थिनींनाही हा प्रतिसाद वाचायला देते.

कानामात्रा
मी तिसऱ्याच गटातली. पन्नाशीपर्यंत खणखणीत ऐकू येत होतं, आता दोन्ही कानांत मशीन. गाणी सगळी डोक्यात आहेत, बाहेरून येताना मात्र ती बिघडून येतात.

कानाचं मशीन बोलणं ऐकण्यासाठी केलेलं असतं. सतत एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा गोंगाट, असं धरून ते तो दाबून टाकतं. आता सांगा, तानपुरा काय करतो? सतत एकसारखा चालू राहतो. मैफल सुरू झाली की थोड्याच वेळात माझा तानपुरा नाहीसा! बासरीचं दुखणं आणखी मजेशीर. लांब सूर लागला की मशीनला वाटतं आपलीच शिट्टी वाजतेय, ते ती मारायला धावतं आणि तो शुद्ध सूर थरथरत गरगरायला लागतो. सवाई गंधर्व महोत्सवात मी शेजारणीला विचारलं होतं की हे बुवा असं का वाजवताहेत.

शेवटी ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन संगीतासाठी वेगळा प्रोग्राम टाकून घेतला. त्यात गोंगाट दाबणं बंद आणि शिट्टी रोखणं अगदी मंद. बटण दाबलं की तानपुरा परत. ज्यांच्या घरी मशीन लावणारे आजी-आजोबा आहेत त्यांनी हे जरूर मागून घ्या, आपण होऊन मला तरी कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांना गाण्यातली गोडी राहिली नाही असं घरचे समजतात आणि दोष मशीनच्या सेटिंगचा असतो.

कॅप्शन मलाही हवीत. शब्द डोळ्यांसमोर आले की कान ते बरोबर उचलतात.

टोलनाका
पुण्यात राहून अंगानं संगीत कळत नाही म्हणता? विसर्जनाला लक्ष्मी रोडवर उभे राहा. बरगड्या समेवर येतात.

कानामात्रा
हो, आणि मग आमच्या तिसऱ्या गटात या. जागा रिकामी आहे.

टोलनाका
ढोल-ताशा ही आपली संस्कृती आहे, उगाच

पेठकर
नियमात निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ लिहिलंय. एवढ्यात तर आमच्या खालच्या मजल्यावरचा मिक्सरही बसत नाही.

संपादक मंडळ
ढोल-ताशासाठी गेल्या वर्षीचा धागा अजून उघडा आहे (आणि अजून धुमसतोय). इथे विषयावर राहावे.

लेकीची_आई
कानामात्रांच्या प्रतिसादाला जोडून. माझ्या मुलीला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेनं कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र आहे. लोकांना वाटतं शस्त्रक्रिया झाली की ऐकू आलं, संपलं. निरोगी कानात आवाज मेंदूकडे पोचवणाऱ्या आतल्या केसपेशी ३५०० च्या आसपास असतात. इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड असतात साधारण १२ ते २२. एवढ्यावर बोलणं उत्तम समजतं, ठेका तर पक्का समजतो, पण चाल ओळखणं फार कठीण जातं. शब्द काढून नुसत्या पेटीवर वाजवलं तर ओळखीचं गाणंही तिला परकं.

तिला आवडतं काय, तर एक आवाज आणि तबला. मागे व्हायोलिनांचा ताफा, वर भरपूर एको, असं असलं की ती हेडफोन काढून ठेवते. त्यामुळे तुमची पेटी-तबला-बासरी तिच्यासाठी मेजवानी आहे.

भोंगा
ध्वनिमुद्रण हा माझा पोटापाण्याचा उद्योग. वरच्या दोन प्रतिसादांवरून एक सुचवतो. स्टुडिओकडून वेगवेगळे ट्रॅक मागून घ्या आणि प्रत्येक गाण्याचं दुसरं मिश्रण करा. त्यात आवाज आणि तबला पुढे, पेटी मागे, एको जवळपास शून्य. स्टुडिओत आपण जो गोडवा म्हणून ओततो तो अशा कानांना चिखल वाटतो. एकदा ट्रॅक मांडलेले असले की अर्ध्या तासाचं काम आहे. नाव साधं ठेवा, "स्पष्ट आवाज". ‘अपंगांसाठी’ वगैरे लिहू नका, माझ्या सासूबाईही हेच लावतील.

आणखी एक. आवाज डावीकडे, बासरी उजवीकडे असं टोकाचं वाटप करू नका. ज्याला एकाच कानानं ऐकू येतं त्याचं अर्धं गाणं जातं. जुन्या स्टिरिओ रेकॉर्डमध्ये हे फार. तोपर्यंत उपाय म्हणजे फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असतो, आयफोनमध्येही आणि अँड्रॉइडमध्येही. चालू केला की दोन्ही बाजू दोन्ही कानांत.

टोलनाका हसण्यावारी म्हणाले, पण त्यात तथ्य आहे. त्वचेला कंप सगळ्यात चांगला जाणवतो तो २५० हर्ट्झच्या आसपास, आणि १००० च्या वर जवळजवळ काहीच नाही. पेटीची काळी पाच ही पट्टी म्हणजे २३३ हर्ट्झ. म्हणजे बाईच्या आवाजातला षड्ज (सा) हाताला चांगला कळतो, तार सप्तकात गेलं की हळूहळू सुटत जातो. बासरीचं बरंचसं असंच सुटणार. स्पीकर लाकडी पाटावर ठेवून त्या पाटावर तळहात टेकवून बघा. किंवा फुगवलेला फुगा दोन्ही हातांत धरून स्पीकरसमोर बसा, फुकटचा प्रयोग. एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिरी झाली. ती मंचावर अनवाणी वाजवते, ते याचसाठी. आयफोनमध्ये २०२४ पासून, आयओएस १८ सोबत, ‘म्युझिक हॅप्टिक्स’ आलंय, त्यात गाण्याबरोबर फोन हातात थरथरतो. घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्यांना त्याचा उपयोग होईल असं धरून चालू नका.

काळी_पाच
माझ्या आयडीला शास्त्रीय पाठबळ मिळालं. धन्यवाद भोंगा. :)

हातवारे
फुग्याचा प्रयोग आम्ही शाळेत केलाय. मजा येते, पण दोन मिनिटं. नंतर कंटाळा. कंप म्हणजे गाणं असं कुणी समजू नये, शब्द लागतातच.

टेपमास्तर
शब्दांवरून आठवलं. गाण्याखाली त्याच भाषेत शब्द, गातील तसे रंगत जाणारे, हे आपल्याकडे दूरदर्शनवर होऊन गेलंय. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींची १९९६ ची कल्पना. आधी गुजराती चित्रगीतांखाली, पुढे चित्रहार आणि रंगोलीत. हेतू होता लोकांना वाचायची सवय लागावी हा. कर्णबधिरांचा फायदा आपोआप झाला. आमच्या घरी तर सगळेच खाली बघून गायचे.

वकीलकाकू
कुणी विचारायच्या आत सांगते. सारंगाच्या घरच्या कविता, तिला कुणाची परवानगी नको. पण इतरांची गाणी घेऊन असं करायचं असेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीनं एक सवलत आलीय: अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात कोणतीही कृती आणणं. अट अशी की नफा कमवायचा नाही, फक्त खर्च वसूल करायचा. मराकेश करार, म्हणजे २०१३ चा, तो अंध वाचकांसाठीच्या पुस्तकांपुरता आणि छापील मजकुरापुरता. स्वरलिपी त्यात येते, गाण्याची ध्वनिमुद्रिका नाही. तो मंजूर करणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. कायद्यात आपण नेहमीच पुढे असतो.

ठाय_लय
स्वरलिपीचा विषय निघालाच. मी पेटी शिकवतो, काही विद्यार्थी अंध आहेत. गंमत बघा, पलुस्करबुवांची दृष्टी लहानपणी फटाक्यानं अधू झाली, म्हणून तर त्यांना मिरजेला गाणं शिकायला पाठवलं. त्याच बुवांनी पुढे स्वरलिपी तयार केली, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आणि आपली स्वरलिपी, पलुस्करांची असो की भातखंड्यांची, उभी आहे डोळ्यांवर. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराला खाली रेघ, मंद्राला खाली टिंब, तीव्र मध्यमावर उभी रेघ.

स्क्रीन रीडर ती रेघ वाचत नाही. शुद्ध गंधार आणि कोमल गंधार दोन्ही "ग". माझ्या एका विद्यार्थ्यानं काफी रागातली (त्यात गंधार कोमल) अख्खी बंदिश शुद्ध गंधारानं बसवून आणली होती आणि चूक त्याची नव्हती. स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर तेवढंही नाही. लुई ब्रेल स्वतः ऑर्गनवादक, त्याच्या १८२९ च्या पहिल्या पुस्तिकेतच संगीतलेखन होतं. आजच्या ब्रेल संगीतलिपीत एकाच घरात स्वरही आणि त्याची लांबीही. पण ती पाश्चात्त्य पद्धत, आपल्या ख्यालाला जशीच्या तशी बसत नाही.

मी काय करतो, तर सगळं शब्दांत लिहितो. "को-ग", "ती-म", "मं-नि", मात्रा स्वल्पविरामानं तोडून, प्रत्येक ओळीच्या आधी "सम", "खाली". दिसायला ओबडधोबड, पण फोनवर ऐकता येतं आणि ब्रेलमध्येही काढता येतं. सारंगा, चाली अशा लिहून वर्णनात टाकल्यात तर कुणी अंध मुलगी त्या बसवूही शकेल. नुसतं ऐकणारेच कशाला धरायचे?

सारंगा
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. ती म्हणते शीर्षकातली आग आधी विझव.

रात्री बसून एका गाण्याची कॅप्शन हातानं केली. कच्चा नमुना:

[मनाला हात घालणारी बासरीची आर्त धून]
(पहिली ओळ)
[तबल्याचा मोहक ठेका सुरू होतो]

कसं वाटतंय?

हातवारे
"मनाला हात घालणारी" हे मला कसं तपासता येणार? तुम्ही म्हणता म्हणून मान्य करायचं? असं लिहा: [बासरी एकटी, संथ, मुखड्याचीच ओळ]. [तबला येतो, लय तीच]. आर्त आहे की नाही ते माझं मी ठरवेन.

कानामात्रा
इथे माझं वेगळं मत. थोडी भावना असू द्या. "संथ" म्हटलं तर अंगाईही संथ आणि विराणीही संथ.

हातवारे
मग शब्द वाचून कळेल ना अंगाई आहे की विराणी.

कानामात्रा
बासरी शब्दांच्या आधी येते, तेव्हा नाही कळत.

लेकीची_आई
मुलीला विचारलं. ती म्हणाली, कोण वाजवतंय ते आधी, कसं वाजवतंय ते एका शब्दात, बाकी नको, वाचता वाचता गाणं पुढे जातं.

पेठकर
[पेठकर विचारात, संथ]

काळी_पाच
हेच सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्येही ठेवा, वेळेचे आकडे काढून. शब्द, कोण कुठे वाजवतंय, ठाय_लय यांच्या पद्धतीनं स्वर. कॅप्शन माझ्या उपयोगाची नाहीत, फाइल आहे. आणि ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, तो ती ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे ब्रेलचे ठिपके वर येणाऱ्या पट्टीवर, बोटांनी वाचेल. तो माणूस या धाग्यात अजून कुणालाच आठवला नव्हता.

सारंगा
खरंय. फाइल करते. कॅप्शनमध्ये वाद्य आणि एकच विशेषण, लेकीच्या सल्ल्यानुसार. "आर्त" दोनदाच वापरीन, हातवारेंनी डोळेझाक करावी. नावं काकांच्याच आवाजात रेकॉर्ड करतोय, सगळ्यांची. सांकेतिक भाषेचं एका गाण्यापुरतं मावसभावाच्या मित्राशी बोलणं चालू आहे, मानधन आईच्या भिशीतून.

भोंगा, ट्रॅक मागितले. आवाज आणि तबला वेगवेगळे आहेत. पण बासरी आणि पेटी एकाच माइकवर घेतलीय, जागा नव्हती म्हणून.

भोंगा
मग बासरी ठेवून नुसती पेटी मागे नाही नेता येणार. हरकत नाही, दोन्ही मिळून थोडं खाली घेऊ आणि आवाज वर. ट्रॅक पाठवा, एक गाणं करून देतो. बाकीची तुम्ही करा, कसं ते फोनवर सांगतो.

पेठकर
पाडव्याला लिंक इथेच टाका. "स्पष्ट आवाज"वाली आधी.